आक्काचा ‘हो’

“‘हो’ म्हणायला तुमचं काय जातंय, आक्का?”

“माझं काहीच जात नाही. जातंय ते तुझं.”

“सकाळपासून तिसऱ्यांदा आलोय मी.”

“मोजतोयस होय? मग बस तरी.”

सन्मती बसला नाही.

आक्काच्या मांडीवर सागवानी पॅटर्न होता, हातात कानस. पंपाच्या झाकणाचा पॅटर्न. फाउंड्रीत लोखंड ओतायचं तर आधी त्याच आकाराचा लाकडी नमुना लागतो. तो वाळूत दाबायचा, अलगद उचलायचा, उरलेल्या खळग्यात रस ओतायचा, गार झाला की कास्टिंग. तो नमुना म्हणजे पॅटर्न. आमच्या एमआयडीसीत शेंबडं पोरही हे सांगेल, पण कोल्हापूरच्या बाहेर वाचणाऱ्यांना सांगावं लागतं, म्हणून सांगितलं.

कलावती आक्का सुतारांची. पॅटर्न करायला ती बापाकडून शिकली. कॉम्प्युटर चालवायला कुणाकडूनच नाही. फाउंड्रीत पहिला कॉम्प्युटर आला, तो चालवायला आलेला माणूस आठ दिवसांत पळाला. आक्का त्याच्या खुर्चीत बसली ती बावीस वर्षांनी उठली. क्लाउड ती साठीनंतर शिकली, मोबाइलवर, जेवता जेवता.

सन्मती मालकांचा, म्हणजे आप्पांचा मुलगा. त्याला हे सगळं तिनंच शिकवलं होतं.

मी तिथंच, आक्काच्या घरी बसले होते, पॅटर्नच्या चिठ्ठ्यांना तार ओवत. ऐकीव लिहिण्याची मला सवय नाही.

“टेम्पो फाउंड्रीच्या दारात उभा आहे,” सन्मती म्हणाला.

“उभा राहू दे. टेम्पोचे पाय दुखत नाहीत.”

“आप्पांनी अट घातली नसती तर मी विचारायलाही आलो नसतो.”

“ते दिसतंय.”

अट अशी होती. फाउंड्रीची सगळी ड्रॉइंग बावीस वर्षं एका मशीनमध्ये राहत होती. ऑफिसच्या मागच्या खोलीतला सर्व्हर. काळा, जाड, पंख्याचा आवाज करणारा. सन्मतीनं तीन महिने खपून तिथली ड्रॉइंग क्लाउडवर नेली. आता ते मशीन भंगारात जायचं होतं. भंगारवाला आधी डिस्कला ड्रिलनं भोकं पाडणार. गिऱ्हाइकांची ड्रॉइंग कुणाच्या हाती लागू नयेत, म्हणून गिऱ्हाइकंच तसं लिहून घेतात. एकदा भोक पडलं की त्यातलं काही परत नाही.

आप्पा म्हणाले होते, आक्का ‘हो’ म्हणेपर्यंत मशीन दाराबाहेर जाणार नाही.

“खरं सांगू?” सन्मती म्हणाला. “तुम्हाला ते मशीन सोडवत नाही. चार महिने झाले तुम्ही रिटायर होऊन. तुम्हाला वाटतं, आपल्यावाचून तिथं सगळं अडलंय. काहीच अडलेलं नाही. फाउंड्री झकास चाललीय.”

आक्काचा फोन वाजला. फाउंड्रीतूनच.

“बोल अस्लम… डाव्या अंगाचा. मागं निळा ठिपका आहे बघ… लाल नको, लाल जुन्याचा. तो बसवलास तर पुली फिरायची नाही, नुसती डोलेल… हं. ठेव.”

सन्मती भिंतीवरचं कॅलेंडर बघत होता. कॅलेंडर मागच्या वर्षीचं होतं.

आक्का पुन्हा कानस चालवायला लागली.

“सांग,” ती म्हणाली. “क्लाउड म्हणजे काय?”

“आता परीक्षा?”

“‘हो’ पाहिजे ना?”

सन्मतीनं हाताची घडी घातली. वर्गात उभं केल्यासारखा बोलायला लागला, पण बोलला चोख. ते मान्य करायला हवं.

“दुसऱ्याची मशीनं. त्याच्या जागेत, त्याच्या विजेवर. आपण लागतील तेवढी भाड्यानं घ्यायची. काम वाढलं की जास्त, उतरलं की कमी. आपल्याला मशीन विकत घ्यायला नको, खोली नको, पंखा नको.”

“किती तऱ्हेनं घेता येतं?”

“तीन. तुम्हीच सांगितलं होतं. एक, नुसता शेड भाड्यानं घ्यायचा, भट्टी आपणच चालवायची. दोन, पेटलेल्या भट्टीसकट शेड घ्यायचा, आपण फक्त पॅटर्न घेऊन जायचा. तीन, काहीच करायचं नाही, तयार कास्टिंग आणायचं.”

“आपण काय घेतलं?”

“हजेरी आणि ईमेल तयार. ड्रॉइंगला नुसता शेड.”

“ड्रॉइंगला शेड का?”

“गिऱ्हाइकांची आहेत. कुणी बघायची, कुणी नाही, ते आपल्या हातात राहायला पाहिजे.”

“किल्ल्या कुणाकडं?”

“माझ्याकडं आणि आप्पांकडं. वेगवेगळ्या. एकाचा फोन हरवला तरी दुसरा आत जाऊ शकतो.”

“शेडला आग लागली तर?”

“दोन शहरांत ठेवलंय.”

“सगळा गाशा गुंडाळून दुसऱ्याकडं जायचं झालं तर?”

“बाहेर काढता येतं. ते आधी विचारून मगच घेतलं.”

आक्कानं कानस थांबवली. पॅटर्नवर फुंकर मारली. भुसा माझ्या साडीवर आला.

“माळ्यावर गिऱ्हाइकाचा पॅटर्न आहे,” ती म्हणाली. “त्याला वाळवी लागली. चूक कुणाची?”

“आपली. माळा आपला.”

“पॅटर्नचं मापच चुकीचं होतं. मग?”

“गिऱ्हाइकाची. पॅटर्न त्याचा.”

“क्लाउडला?”

“तसंच. वाळवी त्यांनी बघायची. माप आपण.”

“बरोबर.”

“सगळं बरोबर ना?”

“सगळं.”

“मग ‘हो’ म्हणा!”

…

आक्कानं कानस पुन्हा उचलली.

मी चहाचं विचारणार होते. विचारलं नाही. चहा झाला की माणसं उगाच समजूतदार होतात आणि भांडण अर्धवट राहतं.

फोन पुन्हा वाजला. आता इन्स्पेक्शनची मुलगी होती. तिचा बारीक आवाज माझ्यापर्यंत येत होता. कास्टिंग नापास होतंय म्हणत होती.

“सरळ धरून मोजलंस होय?” आक्का म्हणाली. “ते तिरकं टेकवून मोजायचं. त्याच्या बुडाला पोट आहे, मुद्दाम ठेवलंय… लिहिलंय कुठं? कुठं नाही लिहिलेलं. तू तिरकं धर… झालं पास? रडायला काय झालं मग.”

तिनं फोन ठेवला.

“मी तपासलंय, आक्का,” सन्मती हळू आवाजात म्हणाला. आता तो आणखी चिडला होता. चिडला की तो हळू बोलतो, लहानपणापासून. “नुसतं वर पाठवून मोकळा झालो नाही मी. तुम्हीच शिकवलंय. दुसऱ्याच्या माळ्यावरून पॅटर्न परत आला तर रजिस्टर बघून आत घ्यायचा नाही. आधी वाळूत दाबून बघायचा. अलगद सुटला तर खरा.”

“मग? दाबलास?”

“वीस ड्रॉइंग खाली उतरवली. नवी, जुनी, लहान, मोठी. वीसच्या वीस उघडली. रेघ इकडची तिकडं नाही.”

“कुठं बसून?”

“म्हणजे?”

“उघडलीस ती कुठं बसून?”

“ऑफिसात. आणखी कुठं?”

आक्कानं मांडीवरचा पॅटर्न उचलला. समोरच्या फळीवर उभा केला, कडेवर. झाकणाचा पॅटर्न, थाळीसारखा. कडेवर तो उभा राहिला.

“उभा आहे?”

“आहे.”

“नीट बघ.”

“उभा आहे, आक्का.”

आक्कानं मागची दोन बोटं काढून घेतली.

पॅटर्न आडवा झाला. फळीवर आवाज झाला. बाहेर झोपलेलं कुत्रं उठून लांब जाऊन झोपलं.

सन्मती हसला. ते हसू मला आवडलं नाही.

“हे दृष्टांत लहान पोरांना सांगा,” तो म्हणाला. “माझा टेम्पो खोळंबलाय.”

“लॅपटॉप आणलायस?”

“गाडीत आहे.”

“आण. इथं ऑफिसची वायर नाही. तुझ्या मोबाइलच्या नेटवर एक ड्रॉइंग उघड. क्लाउडवरचं.”

“उघडलं तर ‘हो’?”

“उघडलं तर मी स्वतः येऊन टेम्पोला हात लावते.”

तो गेला तो ताडताड गेला. आला तोही तसाच. पण आता बसला. लॅपटॉप मांडीवर घेऊन उभ्यानं कुणाला जमत नाही, मग तो मालकाचा मुलगा का असेना.

“कुठलं उघडू?”

“तुला आवडेल ते.”

त्यानं गिअरबॉक्सचं उघडलं. फाउंड्रीचं पहिलं मोठं काम. त्या ड्रॉइंगचा कागदी छाप काचेत घालून ऑफिसात लावलाय. आप्पा येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतात.

आधी चौकट आली. मग खालच्या कोपऱ्यातला रकाना. तारीख, नंबर, आप्पांची आद्याक्षरं.

“आलं,” सन्मती म्हणाला.

आम्ही बघत राहिलो.

चौकटीच्या आत काहीच नव्हतं. नुसतं पांढरं. बाजूला एक यादी उमटली. तुकडा सापडत नाही. तुकडा सापडत नाही. मी मोजले. नऊ वेळा.

“नेट स्लो असेल,” तो म्हणाला.

“असेल,” आक्का म्हणाली. “थांबू या.”

थांबलो.

…

नऊचे आठ झाले नाहीत.

त्यानं दुसरं उघडलं. त्यात अर्धा पंप होता. तिसऱ्यात पुलीचा नुसता आस होता, भोवती पुली नव्हती. चौथं त्यानं घाईघाईनं उघडलं आणि तसंच बंद केलं. मला दिसू दिलं नाही.

ड्रॉइंग म्हणजे एक फाइल नव्हे, हे त्यालाही माहीत होतं. मुख्य फाइलमध्ये नुसता सांगाडा असतो. ती एकेक तुकडा त्याच्या त्याच्या जागेवरून बोलावून घेते आणि सगळं मिळून पडद्यावर दिसतं. बोलावलेला आला नाही तर जागा रिकामी.

“कुठून बोलावतंय बघ की,” आक्का म्हणाली.

सन्मतीनं यादीवर बोट ठेवलं. वाकून वाचायला लागला. ओठ हलत होते. जुन्या मशीनचं नाव. त्यातली दुसरी डिस्क. डिस्कमधलं फोल्डर.

तो थांबला.

“काय नाव आहे फोल्डरचं?”

“…किरकोळ.”

तार ओवता ओवता माझ्या बोटाला टोचली.

“ते मी सोडलं,” सन्मती म्हणाला. “वर पाठवताना. सगळी फोल्डर बघितली मी, एकेक. हे आलं तेव्हा वाटलं, असेल काहीतरी जुनंपानं. नावच किरकोळ. कशाला न्यायचं म्हणून…”

“आत उघडून बघितलंस?”

“नाही.”

“हं.”

“ऑफिसात सगळं उघडत होतं, आक्का. आईशप्पथ. वीसच्या वीस.” तो पडद्याकडे बघूनच बोलत होता. “उघडणारच. जुनं मशीन चालू होतं. क्लाउडवरची फाइल तुकडा मागत होती आणि ते मागच्या खोलीतून देत होतं. कुणाला न सांगता… मी क्लाउड तपासतच नव्हतो. मी त्यालाच तपासत होतो.”

फळीवर पडलेला पॅटर्न आक्कानं उचलून मांडीवर घेतला.

आणि मग सन्मतीच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. मी त्याला तान्हा असल्यापासून बघते आहे. आई गेली तेव्हा तेवढा उतरला होता, त्यानंतर आजच.

“मी निघताना पोरांना सांगून आलो,” तो म्हणाला. “चढवा म्हणून. मी ‘हो’ आणतोच म्हणून…”

त्यानं ऑफिसला फोन लावला. वाजत राहिला. कुणी उचलला नाही. ओतायची वेळ होती. त्या वेळी शेडमध्ये शेजारच्याचं ओरडणं ऐकू येत नाही, फोन कुठला.

पुन्हा लावला.

तिसऱ्यांदा आप्पांच्या मोबाइलवर लावला. त्यानं स्पीकर लावला की चुकून लागला, मला माहीत नाही. पण आम्ही तिघांनी ऐकलं.

“काय रे?”

“आप्पा, टेम्पो… मशीन… गेलं?”

“कुठं जाईल?”

“भंगारवाला…”

“तो कंटाळून चहाला गेलाय. आक्कांचा ‘हो’ आला का?”

“नाही.”

“मग मशीन कसं जाईल?” आप्पा म्हणाले. “पोरं चढवायला आली होती. मी खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसलोय. जेवणाचा डबापण इथंच मागवलाय.”

फोन बंद झाला.

सन्मतीनं दोन्ही तळव्यांनी तोंड झाकलं. रडला नाही. नुसता तसा बसून राहिला.

आक्का कानस चालवत होती. खर्र… खर्र…

मग त्याला राग आला. भीती गेली की राग येतोच, आणि जवळ असेल त्याच्यावर निघतो.

“किरकोळ!” तो म्हणाला. “आख्ख्या फाउंड्रीचा जीव त्यात, आणि नाव किरकोळ! कुणी ठेवलं हे नाव?”

“मीच.”

“तुम्ही?”

“पहिल्या वर्षी त्यात तीनच तुकडे होते. कुठं ठेवायचे कळेना, म्हणून फोल्डर केलं. किरकोळच होते. मग चौथा आला. मग येतच राहिले. नाव बदलायचं राहून गेलं.” कानस थांबली. “माझी चूक.”

एवढं सरळ उत्तर येईल असं त्याला वाटलं नव्हतं. राग हातातच राहिला.

“तुम्हाला माहीत होतं,” तो म्हणाला. “म्हणून ‘हो’ म्हणत नव्हता. सरळ सांगायचं की मग! सकाळपासून खेळवताय मला.”

“नव्हतं माहीत.”

“खरं सांगा.”

“खोटं बोलायला तू काय गिऱ्हाईक आहेस? विसरले होते मी. बावीस वर्षं ते फोल्डर रोज लागायचं आणि रोज लागायचं म्हणूनच कधी दिसलं नाही. आत्ता तू नाव वाचलंस तेव्हा आठवलं.”

“मग नकार कशाच्या जोरावर देत होता?”

“नकार कुठं दिला? ‘हो’ दिला नाही एवढंच.”

सन्मतीनं पुन्हा पडद्याकडे बघितलं.

“म्हणजे क्लाउड नकोच म्हणायचं तुमचं.”

“असं मी कधी म्हणाले?”

“झालं ते बघितलंत ना.”

“काय झालं? तू दिलंस ते त्यानं जपून ठेवलं. दोन शहरांत ठेवलं. मागितलंस तेव्हा परत दिलं. न दिलेलं तो कुठून आणेल? तुला राग आहे तर किल्लीवाल्यावर धर, कुलपावर नको.”

“किल्लीवाला मीच.”

“होय.”

मला हसू आलं. मी तोंड फिरवलं, पण त्यानं बघितलं. मग तोही हसला. हे हसू बरं होतं.

“काय करू सांगा,” तो म्हणाला. खिशातून पेन काढलं. कागद नव्हता, म्हणून माझ्याकडची एक कोरी चिठ्ठी ओढून घेतली. पॅटर्नला बांधायची.

“किरकोळ वर पाठव. फाइलींना तुकड्यांची नवी जागा दाखवून दे.”

“हं.”

“मग जुनं मशीन बंद कर.”

“आणि टेम्पो?”

“टेम्पो नाही. बंद करून दारातच ठेव. आप्पांना खुर्ची हलवायला सांग. एक महिना. कुणी हात लावायचा नाही. काम अडलं तर अडू दे. जे जे सापडणार नाही, ते ते लिहून काढायचं.”

“महिन्यानं?”

“कागद कोरा राहिला तर टेम्पो बोलव.”

“तेव्हा ‘हो’ म्हणाल?”

“तेव्हा माझा ‘हो’ लागणार नाही.”

त्यानं सगळं बारीक अक्षरात लिहून घेतलं. चिठ्ठीच्या दोन्ही बाजू भरल्या. मग लॅपटॉप मिटला, उठला, आणि जे सकाळपासून केलं नव्हतं ते केलं. वाकून आक्काच्या पायाला हात लावला.

“शिकलो म्हणत होतो मी,” तो म्हणाला.

“शिकला होतास. उत्तरं बरोबरच होती तुझी.”

तो दारापर्यंत गेला. चपलेत पाय घालता घालता मागं वळला. आता त्याचा आवाज मोकळा झाला होता, घरच्यासारखा.

“महिनाभरात काही अडलं तर तुम्हाला फोन करतोच. तुम्ही आहातच की.”

…

आक्काची कानस थांबली.

तेवढ्यात फोन वाजला. अस्लमचं नाव दिसत होतं.

आक्कानं फोनकडे बघितलं. उचलला नाही.

वाजत राहिला.

“उचला की,” सन्मती म्हणाला. “ओतायची वेळ आहे. भट्टी तापलीय. काहीतरी अडलं असेल त्याचं.”

आक्का बसून राहिली. फोन फळीवर थरथरत कडेपर्यंत सरकला. मी हात पुढं केला, तो तिनं धरला.

वाजायचा थांबला. पुन्हा सुरू झाला.

“आक्का, रस थंड होईल तिथं!” सन्मती चपलांसकट आत आला. “रागावलात होय माझ्यावर? मघाशी म्हणालो, तुमच्यावाचून काही अडत नाही, म्हणून? चुकलो म्हणतो की. त्याचा राग अस्लमवर कशाला? त्याला कुठं माहीत आहे निळा ठिपका कशाचा नि लाल कशाचा? माझ्याही कुठल्या फाइलीत नाही ते. तुम्हालाच माहीत!”

“मला तरी सगळं कुठं माहीत आहे?” आक्का म्हणाली. “कुणी विचारलं की आठवतं.”

तिनं फोन घेतला. कडेचं बटण दाबून धरलं, पडदा काळा होईपर्यंत. मग तो सन्मतीच्या हातात दिला आणि वरून त्याची बोटं मिटवली.

“मी जिवंत आहे तोवर मलाही महिनाभर बंद करून बघा.”